प्रशासकीय कायद्याची मुळाक्षरे : उर्दू-मराठीतील पाच सामाईक शब्दांच्या आधारे एक परिचय

प्रास्ताविक

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार एलएल.बी.च्या तीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या अशा दोन्ही अभ्यासक्रमांत प्रशासकीय कायदा हा विषय सक्तीचा आहे. बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील विधी महाविद्यालये हुबळीच्या कर्नाटक राज्य विधी विद्यापीठाशी संलग्न असून तेथेही हा विषय शिकवला जातो. आपल्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन कायद्याकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना हा विषय अवघड वाटतो, असा अनुभव आहे. फौजदारी कायद्यात चोरी, मारामारी, खून अशा डोळ्यांसमोर उभ्या राहणाऱ्या गोष्टी असतात. येथे मात्र अधिकार, प्रत्यायोजन, पुनर्विलोकन असे अमूर्त शब्द, लॅटिन वचने आणि निवाड्यांची लांबलचक यादी समोर येते.

आपल्या भागातील विद्यार्थ्याची आणखी एक अडचण आहे. त्याच्या घरात दक्खिनी उर्दू किंवा मराठी बोलली जाते, शाळा अनेकदा त्याच माध्यमाची असते, कचेरीचा कारभार कन्नडमध्ये चालतो आणि कायद्याची पुस्तके इंग्रजीत असतात. नैसर्गिक न्यायाची दोन लॅटिन वचने तो पाठ करतो, परीक्षेत बिनचूक उतरवतो. पण वडिलांच्या नावे तहसील कचेरीतून आलेल्या नोटिशीला उत्तर कोणाकडे, किती दिवसांत आणि कोणत्या मुद्द्यावर द्यायचे, हे त्याला सांगता येत नाही. मुदत टळते, आदेश कायम होतो आणि शेत, शिष्यवृत्ती किंवा नोकरी हातची जाते.

या विषयाची मूलतत्त्वे समजण्यासाठी लागणारे शब्द आपल्या विद्यार्थ्याजवळ आधीपासूनच आहेत, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. अखत्यार, कैफियत, तरफदारी, सबब आणि दाद हे पाच शब्द उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत रुळलेले आहेत. प्रशासनाचा कोणताही आदेश हाती आला की या पाच शब्दांनी पाच प्रश्न विचारावेत; विषयाचा गाभा त्यात येतो. हा लेख भाषेच्या अध्यापकाने अध्यापकांसाठी लिहिलेला आहे. गावात सरकारी कागद वाचून घ्यायला लोक आजही शिक्षकाकडेच येतात, म्हणून कायदा न शिकवणाऱ्या अध्यापकांनाही तो उपयोगी पडावा.

प्रशासकीय कायदा म्हणजे काय ?

राज्यघटना शासनाच्या अंगांची रचना सांगते. त्या रचनेतून निर्माण झालेला अधिकारी रोजच्या कारभारात आपली सत्ता कशी वापरतो आणि ती चुकीची वापरली तर काय करावे, हे प्रशासकीय कायदा सांगतो. रेशनकार्ड, जमिनीचा फेरफार, बांधकाम परवानगी, बस परवाना, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, पारपत्र अशा प्रत्येक ठिकाणी नागरिकाची गाठ न्यायाधीशाशी पडत नाही, अधिकाऱ्याशी पडते. हा अधिकारी कधी नियम करतो, कधी वादाचा निर्णय देतो, तर कधी केवळ अंमलबजावणी करतो. तिन्ही कामे एकाच हाती असल्यामुळे त्याच्यावर मर्यादा घालणे आवश्यक ठरते.

इंग्लंडमध्ये डायसी या विधिवेत्त्याने १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात फ्रान्ससारखा वेगळा प्रशासकीय कायदा इंग्रजी परंपरेला परका आहे, असा विचार मांडला होता. पुढे शासनाची कामे वाढत गेली आणि इंग्लंडमध्येही हा कायदा न्यायालयांच्या निवाड्यांतून उभा राहिला. भारतात या विषयाची एकच संहिता नाही. घटना, निरनिराळे अधिनियम आणि न्यायनिर्णय यांतून तो गोळा करावा लागतो. विद्यार्थ्याला तो विस्कळीत वाटतो, त्याचे कारण हेच.

भाषेची पार्श्वभूमी

बीदर व गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि त्यासाठी १९१७ पासून दारुल तर्जुमा या अनुवाद संस्थेने पारिभाषिक शब्द घडवले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले, जहीराबाद व नारायणखेडकडचा भाग आंध्र प्रदेशात गेला आणि उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात आला. एकाच कचेरीत जाणारी माणसे अशा रीतीने तीन राज्यांच्या तीन कारभारी भाषांत विभागली गेली. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत मराठी बोलणारी कुटुंबे आजही आहेत. उर्दू तर दोन्ही जिल्ह्यांत सर्वत्र आहे.

राज्यघटनेने या स्थितीची दखल घेतली आहे. अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीस आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज करण्याचा हक्क आहे. बीदरच्या कचेरीत मराठी किंवा उर्दू गाऱ्हाणे केवळ भाषेमुळे नाकारता येत नाही, असा याचा अर्थ. मात्र उत्तर त्याच भाषेत मिळेल, असे हा अनुच्छेद म्हणत नाही. उलट २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमातील कलम ६ नुसार माहितीचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करावा लागतो. गाऱ्हाण्याचा अर्ज आणि माहितीचा अर्ज यांतील हा फरक विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा.

१. अखत्यार : अधिकार कोणाचा व कुठपर्यंत ?

अरबी 'इख्तियार' मराठीत 'अखत्यार' झाला. 'हे माझ्या अखत्यारीत नाही' हे वाक्य प्रत्येक कचेरीत ऐकू येते. उर्दूत या शब्दाला निवड असाही अर्थ आहे. म्हणजे अधिकारक्षेत्र आणि स्वेच्छानिर्णय या दोन पारिभाषिक संज्ञा एका शब्दात सामावतात : अधिकाऱ्याला निवड करता येते, पण कायद्याने आखलेल्या कक्षेतच.

प्रशासनाचा अधिकार वरून खाली येतो. आधी अधिनियम, त्याखाली नियम, मग अधिसूचना व आदेश आणि शेवटी परिपत्रक. खालच्या पायरीवरील कागदाला वरच्या पायरीवरील कागदाच्या विरुद्ध जाता येत नाही. विधिमंडळाने नियम करण्याचे काम शासनावर सोपवले तरी धोरण ठरवण्याचे मूळ काम सोपवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५१ च्या दिल्ली कायद्यांविषयीच्या प्रकरणात स्पष्ट केले. कर्नाटकातील अलीकडचे उदाहरण भ्रष्टाचार प्रतिबंधक दलाचे आहे. राज्य शासनाने मार्च २०१६ मध्ये केवळ कार्यकारी आदेशाने हे दल स्थापन केले आणि भ्रष्टाचाराच्या तपासाचे लोकायुक्त पोलिसांचे काम त्याच्याकडे दिले. कर्नाटक उच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२२ रोजी तो आदेश रद्द केला. विधिमंडळाच्या अधिनियमाने उभी केलेली यंत्रणा शासकीय आदेशाने निष्प्रभ करता येत नाही, हे त्यातील मुख्य सूत्र होय.

अखत्यार ज्याचा, निर्णयही त्यानेच घ्यावा लागतो. मुंबईचे पोलीस आयुक्त विरुद्ध गोरधनदास भानजी या प्रकरणात अंधेरी येथे चित्रपटगृह बांधण्यास आयुक्तांनी १९४७ मध्ये परवानगी दिली होती. काही आठवड्यांतच, शासनाच्या निर्देशानुसार परवानगी रद्द करण्यात येत आहे, असे पत्र आले. रद्द करण्याचा अधिकार नियमांनी आयुक्तांना दिला होता, शासनाला नव्हे. आयुक्तांनी स्वतः विचार न करता दुसऱ्याचा निर्णय फक्त कळवला, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये ते रद्द करणे ग्राह्य धरले नाही. 'वरून सांगितले आहे' हे उत्तर आपल्याला नेहमी मिळते. ते कायद्यात केव्हा टिकत नाही, हे या निवाड्यावरून कळते.

२. कैफियत : म्हणणे ऐकले काय ?

मराठी ऐतिहासिक कागदपत्रांत कैफियत म्हणजे सरकारपुढे मांडलेली हकीकत. न्यायालयात प्रतिवादीचे लेखी म्हणणे म्हणजेही कैफियत. (आजच्या उर्दूत हा शब्द मुख्यतः अवस्था या अर्थी वापरतात; हा भेद वर्गात सांगावा लागतो.) एखाद्याच्या हिताविरुद्ध निर्णय घेण्यापूर्वी त्याची कैफियत घ्यावी, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व आहे.

हे तत्त्व कोणा एका संस्कृतीचे नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अली (र.) यांना न्यायदानासाठी यमनला पाठवताना, दुसऱ्या पक्षाचे ऐकल्याशिवाय पहिल्याच्या बाजूने निर्णय देऊ नये, अशी शिकवण दिल्याचे अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या हदीस संग्रहांत आले आहे. इंग्लंडमध्ये १७२३ साली केंब्रिज विद्यापीठाने डॉ. बेंटली यांच्या पदव्या त्यांचे म्हणणे न ऐकता काढून घेतल्या होत्या. त्या खटल्यात न्यायाधीशांनी दाखला दिला तो हजरत आदमचा : ईश्वरानेही शिक्षा सुनावण्यापूर्वी आदमला उत्तर देण्याची संधी दिली होती.

भारतात ओरिसा राज्य विरुद्ध बिनापाणी देई (१९६७) या निवाड्याने हे तत्त्व साध्या प्रशासकीय निर्णयांनाही लागू केले. त्या प्रकरणात एका महिला डॉक्टरची जन्मतारीख शासनाने बदलून त्यांना लवकर निवृत्त केले होते. ज्या आदेशाचे नागरी परिणाम होतात तो प्रशासकीय असला तरी बाधित व्यक्तीला संधी द्यावी लागते, असे न्यायालयाने ठरवले. मनेका गांधी प्रकरणात (१९७८) पारपत्र जप्त करताना केवळ 'सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी' एवढेच सांगण्यात आले होते. तेथे न्यायालयाने ऐकून घेण्याच्या तत्त्वाचा संबंध अनुच्छेद २१ मधील वाजवी कार्यपद्धतीशी जोडला.

अध्यापकांना सर्वांत जवळची दोन प्रकरणे परीक्षेतील गैरप्रकारांची आहेत. उत्तर प्रदेशातील घनश्याम दास गुप्ता प्रकरणात (१९६२) परीक्षा मंडळाने काही विद्यार्थ्यांचे निकाल त्यांचे म्हणणे न ऐकता रद्द केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई सदोष ठरवली. बिहार शालेय परीक्षा मंडळाच्या प्रकरणात (१९७०) मात्र एका केंद्रावर सामूहिक नक्कल झाल्याने संपूर्ण केंद्राची परीक्षा रद्द झाली होती. तेथे प्रत्येकाला वेगळी संधी देण्याची गरज नाही, असे ठरले, कारण कोणा एका विद्यार्थ्यावर ठपका ठेवलेला नव्हता. ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून शिकवली म्हणजे तत्त्व आणि त्याची मर्यादा एकाच तासात स्पष्ट होतात.

भाषेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निवाडा हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६२) हा आहे. नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने स्थानबद्ध केलेल्या या व्यक्तीला स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत देण्यात आली. इंग्रजी येत नसल्याने त्याने हिंदी भाषांतर मागितले. ते नाकारले गेले. कारणे त्याला तोंडी समजावून सांगितली होती, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही आणि त्याची सुटका केली. हा निवाडा स्थानबद्धतेपुरता, म्हणजे अनुच्छेद २२ च्या संदर्भातील आहे. प्रत्येक महसुली नोटिशीला तो जसाच्या तसा लागू होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण समजलेच नाही असे सांगणे म्हणजे सांगणे नव्हे, हे त्यातील सूत्र सीमाभागातील प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

३. तरफदारी : निर्णय देणारा तटस्थ होता काय ?

'तरफ' म्हणजे बाजू. आपल्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे दुसरे तत्त्व. ए. के. क्रायपाक विरुद्ध भारत संघ (१९६९) या प्रकरणात जम्मू-काश्मीरमधील वन अधिकाऱ्यांची भारतीय वन सेवेसाठी निवड होत होती. निवड मंडळावर असलेले प्रभारी मुख्य वनसंरक्षक स्वतःच एक उमेदवार होते. आपले नाव आले तेव्हा ते बाजूला झाले. परंतु प्रतिस्पर्ध्यांची नावे विचारात घेताना आणि गुणानुक्रम लावताना ते उपस्थित होते. न्यायालयाने निवड रद्द केली. प्रत्यक्ष पक्षपात झाला हे सिद्ध करण्याची गरज नाही, तसा वाजवी संभव दिसला तरी पुरे, असे ठरले. प्रशासकीय आणि अर्धन्यायिक कामांमधील भिंत या निवाड्याने बरीच पातळ केली.

आपल्या संस्थांतून निवड समित्या व चौकशी समित्या नेमल्या जातात. तक्रारदार सदस्यच चौकशी समितीवर असणे, उमेदवाराचा निकटचा नातेवाईक मुलाखतीला बसणे, या बाबी संस्थेच्या सद्हेतूवर शंका नसली तरी आदेश दुबळा करतात. अन्य कोणी सक्षम अधिकारी उपलब्धच नसेल तर गरजेचा सिद्धांत म्हणून अपवाद मानला जातो, पण तो शेवटचा उपाय होय.

४. सबब : कारण लिहिले आहे काय ?

उर्दूत सबब म्हणजे कारण. जुन्या मराठी कागदांतही 'सबब हा दाखला दिला असे' अशी वाक्ये आढळतात. परंतु बोली मराठीत 'सबबी सांगणे' म्हणजे खोटी कारणे पुढे करणे. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांतील अंतर म्हणजेच प्रशासकीय कायद्यातील एक महत्त्वाचा नियम आहे. निर्णय घेताना मनात असलेले आणि कागदावर उतरलेले ते कारण. निर्णयाला आव्हान मिळाल्यावर शोधलेली ती सबब.

वर उल्लेखिलेल्या गोरधनदास भानजी प्रकरणात परवानगी रद्द करण्याचा निर्णय आपण स्वतःच घेतला होता, असे प्रतिज्ञापत्र आयुक्तांनी नंतर दिले. न्यायालयाने ते विचारात घेतले नाही. सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्यातील शब्दांवरूनच लावायचा, मागाहून दिलेल्या स्पष्टीकरणावरून नव्हे, असे सांगितले. मोहिंदर सिंग गिल विरुद्ध मुख्य निवडणूक आयुक्त (१९७८) या निवाड्याने हेच सूत्र पक्के केले. एस. एन. मुखर्जी प्रकरणात (१९९०) निर्णय देणाऱ्या प्राधिकाऱ्याने सामान्यतः कारणे नोंदवली पाहिजेत, असे घटनापीठाने ठरवले. कारणे लिहावी लागली की अधिकाऱ्याला विचार करावा लागतो, बाधित व्यक्तीला अपिलाचे मुद्दे मिळतात आणि वरिष्ठाला तपासणी करता येते, असा त्याचा तिहेरी उपयोग आहे.

आता याला अधिनियमाचाही आधार आहे. माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमातील कलम ४(१)(घ) नुसार प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना देणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. 'अर्ज फेटाळला' एवढाच शेरा मारलेला कागद हाती आला तर या कलमाचा हवाला देऊन कारणे मागता येतात.

५. दाद : कोठे व केव्हा मागावी ?

फारसीत दाद म्हणजे न्याय. मुशायऱ्यात शेराला दाद मिळते ती प्रशंसेची. कचेरीत मागतो ती न्यायाची. इस्लामी राज्यव्यवस्थेत अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठी 'दीवान-ए-मजालिम' ही स्वतंत्र व्यवस्था होती. बगदादचे विधिवेत्ते अल-मावर्दी (मृत्यू १०५८) यांनी आपल्या राज्यशासनविषयक ग्रंथात तिच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे.

आजच्या व्यवस्थेत दाद मागण्याच्या पायऱ्या क्रमाने शिकवाव्यात. पहिली पायरी त्याच खात्यातील अपिलाची. महसुली फेरफारात तहसील स्तरावरील आदेशावर १९६४ च्या कर्नाटक जमीन महसूल अधिनियमानुसार सहायक आयुक्तांकडे अपील होते. सेवेस विलंब होत असेल तर २०११ चा कर्नाटकचा 'सकाल' अधिनियम आहे. त्यात प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली असून विलंबाबद्दल दररोज २० रुपये व कमाल ५०० रुपये भरपाईची तरतूद आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम तेच काम करतो. माहितीच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. अधिकाऱ्याच्या गैरकारभाराविरुद्ध १९८४ च्या अधिनियमाखालील लोकायुक्त आहेत.

शेवटची पायरी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाची. घटनेच्या मराठी पाठात देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार व प्राकर्षण असे पाच प्राधिलेख सांगितले आहेत. सोप्या शब्दांत : कोठडीतील माणूस समोर आणा, कर्तव्य करा, अखत्याराबाहेर जाऊ नका, या पदावर कोणत्या हक्काने बसला आहात ते सांगा, आणि कागद इकडे पाठवा, चुकीचा आदेश रद्दबातल करतो. हा 'रद्दबातल' शब्दही आपलाच, अरबी 'रद्द' व 'बातिल' यांचा जोड. जुलै २००८ पर्यंत बीदरच्या माणसाला या दादेसाठी सुमारे सातशे किलोमीटरवरील बेंगळुरूला जावे लागे. त्या महिन्यात गुलबर्ग्यास उच्च न्यायालयाचे फिरते पीठ सुरू झाले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये ते स्थायी झाले.

मात्र विद्यार्थ्यांच्या मनात खोटी आशा निर्माण करू नये. उच्च न्यायालय अपिलाप्रमाणे पुरावा पुन्हा तोलत नाही. सय्यद याकूब विरुद्ध के. एस. राधाकृष्णन (१९६३) या बस परवान्याच्या प्रकरणात, कायद्याची उघड चूक दुरुस्त करता येते, वस्तुस्थितीविषयीची साधी चूक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. निर्णय कसा घेतला हे तपासले जाते. न्यायालय अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून नवा निर्णय सहसा देत नाही. म्हणून दाद मिळाली तरी बहुधा 'अर्जदाराचे म्हणणे ऐकून पुन्हा निर्णय द्यावा' एवढाच आदेश होतो. मनेका गांधी प्रकरणातही म्हणणे ऐकून घेण्याची हमी शासनाने दिल्यावर न्यायालयाने पुढे हस्तक्षेप केला नाही. याशिवाय अपिलाचा मार्ग उपलब्ध असताना तो न वापरणे किंवा फार उशीर करणे, यामुळेही याचिका फेटाळली जाते.

एक कल्पित उदाहरण

हे पाच प्रश्न एकत्र कसे वापरावेत ते पाहू. २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३७१(ञ) मुळे पूर्वीच्या हैदराबाद-कर्नाटक, म्हणजे २०१९ पासून कल्याण कर्नाटक म्हणवल्या जाणाऱ्या भागातील जन्माने किंवा अधिवासाने स्थानिक असलेल्यांना शिक्षणात व नोकरीत राखीव जागा मिळतात. त्यासाठी लागणारा दाखला उपविभागाचे सहायक आयुक्त देतात. महाराष्ट्रात ज्यांना प्रांत म्हणतात, त्यांच्याच बरोबरीचे हे पद.

समजा, भालकी तालुक्यातील एका विद्यार्थिनीचा अर्ज 'कागदपत्रे अपुरी' अशा एका ओळीने फेटाळला गेला. तिच्या आईचे माहेर उदगीरचे असून मुलीचा जन्म तेथे झाला, शिक्षण मात्र भालकीत. वर्गात असे विचारावे : आदेशावर सही कोणाची, सहायक आयुक्तांची की कनिष्ठ कर्मचाऱ्याची ? (अखत्यार.) फेटाळण्यापूर्वी अपुरे कागद आणून देण्याची संधी तिला दिली काय ? जन्म बाहेरचा असला तरी अधिवासाचा मुद्दा मांडू दिला काय ? (कैफियत.) स्थानिक चौकशी ज्याने केली त्याचा या कुटुंबाशी जमिनीचा वाद आहे काय ? (तरफदारी.) कोणता कागद अपुरा, हे लिहिले आहे काय ? (सबब.) अपील कोणाकडे, मुदत किती, प्रवेशाची शेवटची तारीख कोणती ? (दाद.) विद्यार्थ्यांच्या लक्षात येते की तरफदारीचा प्रश्न येथे बहुधा उद्भवत नाही, पण कैफियत व सबब या दोन्ही ठिकाणी आदेश लंगडा आहे. मग ते उच्च न्यायालयात जाण्याऐवजी आधी कारणे मागणारा अर्ज व अपील लिहायला घेतात. हाच या विषयाचा खरा अभ्यास.

अध्यापनासाठी काही सूचना

(१) नावे, सर्वे क्रमांक व सह्या खोडलेल्या खऱ्या नोटिशींच्या प्रती वर्गात वापराव्यात आणि निवाडे त्यानंतर शिकवावेत.

(२) कन्नडला वळसा घालू नये. या लेखातील शब्द विषय समजण्यासाठी आहेत, कन्नडला पर्याय म्हणून नाहीत. कन्नड कारभारातही अर्जी, तकरारु, मंजूरु, रद्दु, वजा, नकलु, जारि, हाजरु असे ओळखीचे शब्द भरपूर आहेत. 'कारण केळुव नोटीस' म्हणजे कारणे दाखवा नोटीस, 'विचारणे' म्हणजे सुनावणी, 'मेल्मनवी' म्हणजे अपील, असे वीस-पंचवीस शब्द शिकवले तरी आदेशाचा सांगाडा वाचता येतो.

(३) सारखे दिसणारे शब्द तपासून घ्यावेत. 'तजवीज' मराठीत तरतूद किंवा व्यवस्था, तर उर्दूत प्रस्ताव किंवा निर्णय. अशा शब्दांवर विसंबून अर्जाचा मसुदा केल्यास घोटाळा होतो.

(४) प्रत्येक कागदावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवण्याची आणि दिलेल्या अर्जाची पोच घेण्याची सवय लावावी. मुदत तारखेवरूनच मोजली जाते.

समारोप

प्रशासकीय कायद्याची तत्त्वे अवघड नाहीत. ती परक्या शब्दांत सांगितली गेल्यामुळे अवघड वाटतात. अधिकार कोणाचा, म्हणणे ऐकले काय, निर्णय देणारा तटस्थ होता काय, कारण लिहिले काय आणि दाद कोठे, हे पाच प्रश्न ज्याला विचारता येतात त्याने या विषयाची मुळाक्षरे गिरवली, असे समजावे. पुढे इंग्रजी ग्रंथ व निवाडे वाचायचे आहेतच. त्यांना पर्याय नाही. परंतु ते वाचताना, हे आपल्या घरी आलेल्या कागदाविषयीच लिहिले आहे, ही जाणीव विद्यार्थ्याला असेल. आपल्या महाविद्यालयांतील भाषा, राज्यशास्त्र व विधी या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र बसून उर्दू, मराठी, कन्नड व इंग्रजी अशा चार भाषांतील प्रशासकीय शब्दांची एक छोटी पुस्तिका तयार केली, तर पहिल्या पिढीच्या विधी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्याकडे कागद घेऊन येणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिचा मोठा उपयोग होईल.